बोटीवरचं शाकाहारी जेवण : मुंबई ते गोवा

बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या क्रूझवर सासूबाईंना नेलं तेव्हा मला एकच काळजी होती, त्यांच्या जेवणाची. चातुर्मास चालू, कांदा, लसूण, वांगं बंद. बुकिंग करतानाच तसं कळवलं होतं.

प्रॉन्ग्स दीपगृह मागे पडलं आणि आम्ही टेबलावर बसलो. आधी लाल भोपळ्याचं सूप आलं, वर नारळाचं दूध आणि तळलेला कढीपत्ता. सासूबाईंनी बाऊल पुसून संपवला. कच्च्या केळ्याचे कबाब तर मी दोनदा मागवले. आलं, बडीशेप, आमचूर इतकं नेमकं पडलं होतं की कांद्याची आठवणही झाली नाही.

फुलके मात्र चामट. शेफ स्वतः येऊन म्हणाले, "आजी, बोटीवर उघडी आग चालत नाही, सगळं विजेच्या शेगडीवर." बरोबरच आहे, समुद्रात आगीशी खेळ नको. मग घावन ठेवा की! तव्यावरच होतात, गरम वाढले तर फुलका मागेल कोण?

राग आला तो पन्नाकोटाचा, म्हणजे सायीच्या थिजवलेल्या इटालियन गोडाचा. त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं थिजवण, आहे का, हे वाढणाऱ्या मुलाला माहीत नव्हतं. आत विचारून आला, तर होतं! मेन्यूत नावाशेजारी शाकाहारीचा हिरवा ठिपका छापलेला, आणि सासूबाईंनी चमचा उचललेला. ही चूक मला अक्षम्य वाटते. समुद्री शेवाळापासूनचं चायना ग्रास वापरायला काय हरकत होती?

शेफनी माफी मागितली, जायफळ घातलेलं श्रीखंड पाठवलं. दुसऱ्या रात्री मेन्यूवरचा तो ठिपका खोडलेला होता.