एका ओळीचे कोटेशन

आमच्या स्वयंपाकघराचे कोटेशन एका ओळीचे होते : ‘मॉड्युलर किचन, वॉटरप्रूफ प्लाय, एसएस ३०४ बास्केट, फिटिंगसह, सॅम्पलप्रमाणे’. त्याखाली रनिंग फुटाचा, म्हणजे भिंतीलगतच्या लांबीच्या एका फुटाचा, दर आणि सही होती. एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलची एक प्रत. या ओळीतील जवळजवळ प्रत्येक शब्द आम्हांला महागात पडला, आणि तो कसा पडला हे पुरते उमगायला चार महिने लागले. कमी पैशांत स्वयंपाकघर करून घेण्याच्या विचारात जे असतील, त्यांना हा अनुभव सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

हाताशी रक्कम मोजकी होती, म्हणून आम्ही तीन ठिकाणांहून दर मागवले. दोघांनी तीन-तीन पानांचे तपशील दिले. कोणता बॉक्स (म्हणजे कपाटाचा सांगाडा) कोणत्या बोर्डचा, त्याची जाडी किती, बिजागऱ्या किती, चॅनेल (म्हणजे खण सरकण्याच्या पट्ट्या) कोणत्या प्रतीचे, असे सगळे त्यांत होते. ते वाचताना आम्हांला कंटाळा आला आणि शेवटचा आकडा पाहून धडकी भरली. तिसऱ्याने मात्र एक ओळ लिहून दिली, आणि त्याचा दर इतर दोघांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. माणूस सरळ आहे, उगाच कागद रंगवत नाही, असे आम्हीच एकमेकांना सांगितले.

त्याच्यावर विश्वास बसला तो मुख्यतः नमुन्यामुळे. त्याने तळहाताएवढा प्लायचा तुकडा आमच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “ताई, घरी नेऊन खुशाल उकळून बघा.” आम्ही खरोखरच तो काही तास उकळला. थर सुटले नाहीत, कडा फुगल्या नाहीत. ही परीक्षा खोटी नव्हे. साध्या, दमटपणा सोसणाऱ्या प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि तो उकळत्या पाण्यात टिकत नाही. पाणी सोसणाऱ्या चांगल्या प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि तो टिकतो. तुकडा अस्सल होता. पुढे आमच्या घरी जे बॉक्स आले, त्यांचा त्या तुकड्याशी काहीही संबंध नव्हता. कोटेशनवर ‘सॅम्पलप्रमाणे’ असे लिहिलेले असले, तरी त्या नमुन्यावर ना त्याची सही होती ना आमची, त्यामुळे कोणता नमुना हा प्रश्न नंतर कायमच मोकळा राहिला.

मापाची गोष्ट त्याहून साधी आहे, आणि ती लक्षात न आल्याची मला अधिक लाज वाटते. आमचा ओटा एल आकाराचा आहे. एक भिंत १० फुटांची, दुसरी ७ फुटांची. त्याने बेरीज करून १७ रनिंग फूट लावले. परंतु खालच्या कपाटांची खोली सुमारे २ फूट असते, आणि कोपऱ्यातील ते २ फूट दोन्ही भिंतींच्या मापात धरले गेले होते. प्रत्यक्षात काम १५ फुटांचे होते. वरची कपाटे सुमारे १ फूट खोल असल्यामुळे तिथेही १ फूट दोनदा मोजला गेला. शिवाय लिहिलेला दर केवळ खालच्या कपाटांचा असून वरच्यांचा दर वेगळा आहे, हे आम्हांला आगाऊ रक्कम दिल्यानंतर कळले.

‘फिटिंगसह’ या शब्दाचे तर मला आजही हसू येते. आम्ही त्याचा अर्थ बिजागऱ्या, चॅनेल, हँडल हे सारे धरून, असा घेतला. त्याच्या मते फिटिंग म्हणजे आणलेले बॉक्स भिंतीला बसवण्याची मजुरी. दोन्ही अर्थ भाषेत चालतात, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती. मग बिजागऱ्यांचे वेगळे, हँडलचे वेगळे, सिंकसाठी ओट्याला काप घेण्याचे वेगळे, खालच्या पट्टीचे वेगळे, अशी भर पडत गेली आणि अखेरीस एकूण रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त कोटेशनच्याही वर गेली.

पैसे देण्याचा क्रम ठरला होता तो असा : काम ठरताना ५० टक्के, माल कारखान्यातून निघताना ४० टक्के आणि काम संपल्यावर १० टक्के. एके दिवशी दुपारी त्याने तयार बॉक्सची छायाचित्रे पाठवली, गाडी दारात उभी आहे असे कळवले आणि ४० टक्के मागितले. आम्ही तासाभरात दिले. कारखान्यात जाऊन बोर्ड कच्चा असताना, म्हणजे त्यावर लॅमिनेटचा पातळ, रंगीत थर चिकटवण्यापूर्वी, पाहून यावे असे आम्हांला सुचलेच नाही. घरी आलेला माल दोन्ही बाजूंनी लॅमिनेट आणि चारही कडांना पट्टी लावून आला होता. एकदा असा बंद झालेला बोर्ड आत काय आहे ते सांगत नाही. वजनावरून किंवा ठोकून अंदाज करणारे असतात, पण तो सरावाचा भाग आहे.

तरीही एक क्षण असा होता की तेव्हा सगळे उघड झाले होते. सिंकखालच्या बॉक्सला सांडपाण्याच्या नळीसाठी मागे गोल भोक पाडावे लागते. ते पाडताना खाली पडला तो तपकिरी, रवाळ भुगा. तो मीच झाडून भरला. प्लायला भोक पाडले की आतल्या कडेवर एकावर एक थर स्पष्ट दिसतात. आमच्या भोकाच्या कडेला नुसते दाणे दिसत होते, म्हणजे तो पार्टिकल बोर्ड होता. लाकडाचा चुरा गोंदात दाबून तो तयार करतात. मी ते दाणे पाहिले, आणि कामाची घाई सुरू असल्यामुळे केर समजून कचऱ्यात टाकले. ज्यांच्या घरी असे काम चालू असेल, त्यांनी त्या भोकाचे छायाचित्र अवश्य काढावे आणि ते शेवटच्या हप्त्याच्या आधी काढावे.

त्या भोकाची कडा उघडीच ठेवली होती. तिला ना सिलिकॉन लावले होते, ना पट्टी. सिंकच्या जोडातून थेंब-थेंब ओल येतच असते, आणि पार्टिकल बोर्डची कापलेली कडा ती शोषून घेते. तिसऱ्या महिन्यात बॉक्सचा तळ फुगला, लॅमिनेटला फोड आला आणि दार खाली घासू लागले. बिजागरीचा स्क्रू घट्ट करायला गेले, तर तो भुग्यासकट हातात आला. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही, हेही मला तेव्हाच समजले.

बास्केटच्या बाबतीत त्याने स्वतःहून चुंबक काढून दाखवले होते. “चिकटत नाही, म्हणजे ३०४,” असे तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. वस्तुस्थिती अशी आहे की ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; २०२ या स्वस्त प्रतीत निकेलचा बराचसा भाग काढून मँगनीज घातलेले असते, आणि चुंबक त्या दोन्हींना सहसा चिकटत नाही. उलट, अस्सल ३०४ देखील वाकवलेल्या जागी चुंबकाला थोडेसे ओढले जाऊ शकते. म्हणजे जी परीक्षा काहीच सिद्ध करत नव्हती, ती आमच्यासमोर मोठ्या आत्मविश्वासाने पार पाडली गेली. चौथ्या महिन्यात ताटांच्या बास्केटवर, जिथे तारा जोडलेल्या आहेत नेमक्या तिथे, तांबूस ठिपके उमटले.

तक्रार केल्यावर त्याचे पहिले उत्तर, “तुमच्याकडे पाणी गळले, त्याला मी काय करणार?” असे होते. वॉटरप्रूफ लिहिले होते याची आठवण करून दिल्यावर, लॅमिनेट वॉटरप्रूफच आहे, असे तो म्हणाला. प्लायचा विषय काढला, तेव्हा धंद्यात सगळ्याच बोर्डला प्लाय म्हणतात, असे उत्तर मिळाले. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. बिल मागितलेले नव्हते, त्यामुळे मालाचे वर्णन असलेला कागद म्हणून आमच्याकडे ती एक ओळच उरली.

पार्टिकल बोर्ड वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. कडा नीट बंद केल्या आणि जागा कोरडी असली, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. वरच्या कपाटांना, सुक्या डब्यांच्या कप्प्यांना तो वापरून पैसे वाचवण्यात काहीच गैर नाही. ‘सिंकचा बॉक्स तेवढा चांगल्या प्लायचा करू, बाकीचे साध्या बोर्डमध्ये बसवू,’ असे तो उघडपणे म्हणाला असता, तर आमच्या ऐपतीला तोच उत्तम मार्ग होता आणि आम्ही आनंदाने हो म्हटले असते. त्याने प्लायची किंमत घेऊन बोर्ड दिला, आणि जिथे बोर्ड मुळीच चालत नाही अशा जागी दिला.

सुदैवाने शेवटचे १० टक्के आम्ही दिलेले नव्हते. एका ट्रॉलीचे चॅनेल अडकत होते, म्हणून ते राहिले होते. त्या पैशांत दुसऱ्या सुताराकडून सिंकखालचा एक बॉक्स पूर्ण नवा करून घेतला. त्यापुरतेच पैसे पुरले, म्हणून उरलेले बॉक्स आणि गंजके बास्केट आहेत तसेच ठेवले आहेत. या सुताराला मी उकळलेला तुकडा दाखवला, त्यावर त्याची सही घेतली आणि बोर्ड कच्चा असताना पाहायला येणार असल्याचे आधीच सांगितले. तो रागावला नाही. त्याने खिशातून कागद काढला आणि १८ मिमी प्लाय, कडेची पट्टी, नळीच्या भोकाला सिलिकॉन, बिजागऱ्या दोन, पाय चार, असे एकेक करून लिहीत गेला. त्या एका बॉक्सचे कोटेशन नऊ ओळींचे झाले.