न नांगरणारा नांगर

बोटींच्या यार्डमध्ये काँक्रीटवर साखळी पसरून धुतली तेव्हा लक्षात आलं, नांगराच्या टोकावरचं जस्त पार उडालंय. बोटभर जागा उघडी पडून गंजलीये. वाईट नाही वाटलं, उलट बरंच वाटलं. टोकावरचं जस्त जातं ते टोक जमिनीत शिरतं म्हणून. आमच्या जुन्या नांगराचं टोक सात वर्षांनंतरही नव्यासारखं चकाकत होतं, आणि त्यातच काय ते आलं.

किनाऱ्याकिनाऱ्याने केलेला आमचा प्रवास परवा संपला. तेरा आठवडे, ९१ रात्री, त्यांतल्या ६१ नांगरावर. बाकीच्या धक्क्याला किंवा बोयाला बांधून. बोट छत्तीस फुटी, वजन सात टन, वर माणसं दोन: मी आणि नवरा. आता ती लाकडी ठोकळ्यांवर बसलीये, शिडं धुऊन घडी करून आत गेलीत, आणि आम्ही दोघं थोडंथोडं सामान खाली उतरवतोय. शिडांबद्दल, ऑटोपायलटबद्दल, गळणाऱ्या खिडकीबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण या मोसमाने आमच्यात काही बदललं असेल तर ते या वीस किलोच्या लोखंडाने, म्हणजे नव्या नांगराने, म्हणून लिहायचं ते त्याच्याबद्दलच.

मेकरचं नाव देत नाही. पुढे तक्रारीही आहेत, आणि या जातीचे नांगर चार-पाच जण बनवतात, फरक उन्नीस-बीसचा. जात सांगते: खोलगट पातं, सरळ टोकदार नाक आणि पाठीवर लोखंडी कमान. कमानीची कल्पना १९८०च्या दशकात जर्मनीतल्या रॉल्फ काचिरेक यांच्या ब्यूगेल नांगराने रुळवली. पुढे न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांनी रॉकना नांगरात तिला खोलगट पात्याची जोड दिली. कमान नको असेल तर फ्रान्सचे अलँ प्वारो यांचा स्पेड आहे, त्यात टोकातच शिसं भरलेलं असतं. मुद्दा सगळ्यांचा एकच: नांगर तळावर कसाही पडो, टोक खाली आलं पाहिजे.

आपल्या भाषेत शेतातलाही नांगर आणि समुद्रातलाही नांगर. एकाने जमीन उकरत पुढे जायचं, दुसऱ्याने अजिबात जायचं नाही. आमच्या जुन्याला हा फरक कुणी समजावला नव्हता. आकारही फाळाचाच होता, मध्ये बिजागरी असलेला. या आकाराचा मूळ पुरुष म्हणजे सीक्यूआर, १९३३चा. तो काढला जी. आय. टेलर यांनी, म्हणजे द्रवांच्या प्रवाहाचं गणित शिकणाऱ्या प्रत्येकाला ज्यांचं नाव भेटतं तेच टेलर. स्वतःच्या बोटीला हलका आणि भरवशाचा नांगर हवा होता म्हणून बसून गणित केलं. सीक्यूआर ही अक्षरं इंग्रजीत भरभर म्हटली की ‘सिक्युअर’ ऐकू येतं, तोही त्यांचाच विनोद. त्याआधी १९२७ साली बायकोबरोबर फ्रॉलिक नावाच्या बोटीतून ते नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले होते. तेव्हा मूळ नांगराबद्दल मी ब्रही काढणार नाही. आमचा होता तो कुठल्यातरी निनावी कारखान्यातली नक्कल, बोटीबरोबर फुकट आलेली, आणि वजनही सोळाच किलो.

सोळा किलो कमी, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण जे घसरत घसरत का होईना सात वर्षं चाललं ते बदलायला माणूस तयार होत नाही. त्याऐवजी आम्ही झोप बदलली. वारा पंधरा नॉटच्या वर गेला की रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या. मी कॉकपिटमध्ये बसून एक खडक आणि त्यामागचा एखादा दिवा एका रेषेत धरायची आणि ती रेषा मोडते का ते बघत राहायची. मग मी म्हणायची, ‘‘सरकतोय.’’ तो आतून म्हणायचा, ‘‘नाही गं, बोट नुसती झुलतेय.’’ दोघांचंही अर्धं खरं असायचं. नांगरावरची बोट झुलतेच, आणि झुलणं कुठे संपतं, घसरणं कुठे सुरू होतं, हे पहाटे तीन वाजता नवरा-बायकोने ठरवायची गोष्ट नव्हे.

नवा नांगर घेताना वजनावरून वाद झालाच. कारखान्याच्या कोष्टकात आमच्या बोटीच्या लांबीला पंधरा किलोही चालत होता. नवऱ्याला पंधरा हवा होता, कारण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वाकून काम त्याचं आणि कंबरही त्याची. मी वीसवर अडून बसले. आम्ही कोष्टकातली बोट नव्हे. पाण्याच्या टाक्या, डिझेल, सायकली, पुस्तकं आणि ‘‘लागेल कधीतरी’’ म्हणून ठेवलेलं सामान धरलं तर आमची बोट कोष्टकातल्या बोटीची थोरली बहीण. शेवटी विंडलासने, म्हणजे साखळी ओढणाऱ्या विजेच्या यंत्राने, निकाल दिला. वजन तोच उचलतो, मग वीस काय नि पंधरा काय. फक्त हजार वॉटचा विंडलास बारा व्होल्टवर ऐंशीच्या वर अँपिअर खेचतो, तेव्हा नांगर उचलताना इंजिन चालू ठेवायचं. ते आम्ही एकदा विसरलो आणि बॅटरीने आठवण करून दिली.

आता लागतो कसा ते सांगते. तळाला टेकला की आडवा पडतो. बोट मागे जाऊ लागली की कमानीमुळे कुशीवर वळतो आणि टोक वाळूत घुसतं. पुढची ओढ त्याला खालीच नेते, कारण पातं पोटात खोलगट आहे, फावड्यासारखी माती धरून ठेवतं. जुन्याचं पातं नांगराच्या फाळासारखं बाहेर उतरतं होतं, माती दोन्ही बाजूंना सारत जायचं.

आमची रीत अशी बसली. मी सुकाणूवर, तो नाळेवर. बोट वाऱ्याला तोंड करून थांबवायची. नांगर तळाला लागला की त्याने मूठ वर करायची आणि मी त्याच क्षणी फोनवर नांगर-अलार्मचं बटण दाबायचं (बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की तो वाजतो). हे महत्त्वाचं आहे: वर्तुळाचा मध्य नांगर हवा, बोट नव्हे. साखळी सोडून झाली की दहा मिनिटं काहीही न करता बसायचं. मग उलट्या गिअरमध्ये आधी हजार फेरे, मिनिटभराने दोन हजार. तो साखळीवर अनवाणी पाय ठेवून उभा असतो. नांगर घसरत असेल तर साखळी पायाखाली गुरगुरते. धरला असेल तर नुसती ताठ होऊन गप्प बसते. कुठलंही यंत्र हे इतकं चोख सांगत नाही. सगळं हाताच्या खुणांनी. पूर्वी इंजिनाच्या आवाजात आम्ही एकमेकांवर ओरडायचो आणि सगळी खाडी आमचा संसार ऐकायची.

साखळी किती सोडायची यात बरेच जण चुकतात, आम्हीही चुकायचो. खोली चार मीटर दिसली की चारला पाचाने गुणून वीस सोडायचे आणि खूश. पण साखळी ज्यावरून खाली सुटते तो नाळेवरचा रोलर पाण्यापासून सव्वा मीटर उंच असतो, आणि भरती अडीच मीटर चढायची असेल तर तीही धरावी लागते. म्हणजे चार नव्हे, पावणेआठ. गुणिले पाच, एकोणचाळीस मीटर. वीस आणि एकोणचाळीस! सात वर्षं आम्ही नांगराला शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या पाटीगणिताला घालायला हव्या होत्या. म्हणून या परीक्षणातलं सगळं श्रेय नांगराला देणं खोटं ठरेल. नवा नांगर आणि नीट हिशेब एकाच मोसमात आले. कोणाचा वाटा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

एक रात्र मात्र निव्वळ नांगराची. नववा आठवडा. दक्षिणेच्या वाऱ्याला आडोसा देणारी छोटी खाडी, तळ वाळूचा, आमच्यासह पाच बोटी. वारा रात्री वाढणार आणि मग वायव्येला फिरणार, हे अंदाजात होतं, पण पहाटेनंतर. फिरला तो दीडला. आधी पाऊस, मग मिनिटभर अगदी निवांत, आणि मग जवळजवळ पाठीमागूनच धडक. यंत्रावर ३८ नॉटचा आकडा मी पाहिला. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीत तो आठावर बसतो. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते हे वाचलेलं होतं, त्या रात्री डेकवर उभं राहून कळलं. जड साखळी झोळीसारखी लोंबते आणि हिसके खाते, हे खरं, पण हलक्या वाऱ्यापुरतं. एवढ्या ओढीत ती काठीसारखी सरळ होते. तेव्हा हिसके खातो तो नायलॉनचा दोर, साखळीला अडकवून बोटीवर बांधलेला. आमचा आठ मीटरचा होता, चौदा मिलिमीटर जाड, आणि बोट मागे फेकली गेली की डोळ्यांना दिसेल इतका ताणायचा.

वारा असा फिरला की नांगराला उलटीकडून ओढ बसते. जुना इथेच उखडून यायचा आणि पुन्हा धरायचं नाव घ्यायचा नाही. आम्ही इंजिन चालू करून, जाकिटं घालून तयार बसलो होतो. शेजारच्या दोन बोटी मागे सरकताना दिसल्या. एक आमच्यापासून दोन बोटींएवढ्या अंतरावरून गेली आणि सुदैवाने बाहेर खोल पाण्यात जाऊन सावरली. आमचा अलार्म वाजलाच नाही. सकाळी फोनवर पाहिलं तर रात्रभराचा माग म्हणजे एक चंद्रकोर, मग त्यासमोर दुसरी चंद्रकोर, दोन्हींचा मध्य जवळजवळ एकच. पाणी निवळल्यावर डुबकीचा मुखवटा लावून मी पाण्यात उतरले. वाळूत फक्त कमानीचा वरचा भाग दिसत होता, आणि मागे जेमतेम दीड हाताचा तास. नांगर जागच्या जागी वळला होता. वर येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, ‘‘पंधराचा असता तरी धरला असता.’’ असेल. मी वाद घातला नाही.

आता तक्रारी. पहिली, चिखल. खोलगट पातं जे धरतं ते घेऊनच वर येतं. चिकणमातीच्या तळावर रोज सकाळी दहा-बारा किलोचं ढेकूळ नाळेवर. डेकवर पाण्याचा पंप नसेल तर बादल्या ओतत बसा. आमच्याकडे पंप नाही. दुसरी, समुद्री गवत. दाट गवतात तो लागत नाही, आणि एकदा तर वाईट झालं: उखडला तेव्हा कमान आणि पातं यांच्यामध्ये गवताचा पेंढा अडकला, त्यामुळे टोक पुन्हा खाली वळेचना. दोनदा उचलून साफ करून टाकला तेव्हा धरला. गवत वाचवायचं म्हणूनही तिथे नांगर टाकू नये. वाळूचा फिका डाग शोधावा. तिसरी, खडक. अडकला तर तो कमानीलाच अडकतो. शंका असली की आम्ही नांगराच्या मागच्या भोकाला बारीक दोर आणि वर तरंगता गोळा बांधतो, उलटा ओढून काढायला.

पातळ, लोण्यासारख्या गाळात मी त्याची शिफारस करणार नाही. तिथे डॅनफोर्थच्या जातीचा रुंद दोन पात्यांचा नांगर जास्त पटतो. आमच्याकडे तसा एक हलका, दुसरा नांगर म्हणून आहे, आणि दोन खाड्यांत तोच कामाला आला.

आणि मोठी तक्रार: तो बसत नाही. म्हणजे तळात बसतो, बोटीवर बसत नाही. कमान रोलरच्या बाजूच्या पत्र्यांना घासत होती आणि लाटांवर ठणठण वाजत होती. नाळेच्या अगदी खाली आमची बिछान्याची जागा, तेव्हा पहिले तीन आठवडे नांगरावर सुखाची झोप आणि चालत्या बोटीत डोक्यावर घंटा. शेवटी रोलर बदलावा लागला. घेण्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना कापून आपल्या रोलरवर ठेवून बघा. कारखाने मापांची चित्रं देतात, आम्ही ती पाहिली नाहीत.

जोडकामाबद्दल थोडं. नांगर आणि साखळीच्या मध्ये फिरकी लावली नाही. एक चांगली गॅल्व्हनाइज्ड शॅकल, म्हणजे दोन्ही जोडणारी कडी, आणि तिची पिन तारेने आवळलेली. साखळीवर दर दहा मीटरला रंग मारला होता, तो सहाव्या आठवड्यात गेला. प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्या टिकल्या. साखळीचं आतलं टोक बोटीला दोरीने बांधलंय, आणि ती दोरी डेकवर येईल इतकी लांब ठेवलीये, म्हणजे नाइलाज झाला तर सुरीने कापून सगळं सोडून देता येईल. तो दिवस आला नाही. आता साखळी उलटी करून भरणार: झिजलेलं टोक आत, न वापरलेलं बाहेर. नांगराला पुन्हा जस्त चढवायला पाठवतोय.

पाचांपैकी साडेचार. अर्धा चिखलाचा कापला. ठणठणीचा कापला नाही, ती आमची चूक.

जुना नांगर नवऱ्याने टाकू दिला नाही. तो कॉकपिटच्या पेटीत तळाशी आहे, ‘‘लागेल कधीतरी’’मध्ये.

आणि काल रात्रीची गोष्ट. बोट ठोकळ्यांवर, खाली काँक्रीट, आम्ही अजून तिच्यावरच झोपतोय. आज सकाळी पहिल्या खेपेचं सामान गाडीत घालून निघालो. यार्डच्या फाटकाबाहेर वळलो आणि नवऱ्याच्या खिशात फोन बोंबलायला लागला. रात्री झोपताना सवयीने त्याने अलार्म लावून ठेवला होता. पन्नास मीटर ओलांडले होते.

‘‘सरकतोय,’’ मी म्हणाले.

‘‘नाही गं,’’ तो म्हणाला, आणि गाडी थांबवून फोन बंद केला.