वर्धनगड की महिमानगड?

दोन्ही किल्ले सातारा-पंढरपूर रस्त्यालगत, दोन्ही दुष्काळी पट्ट्यातले. थंडीतल्या एका दिवसाच्या चढाईला मी वर्धनगड निवडेन. साताऱ्याहून तो आधी लागतो, गावातूनच वाट चढते, तटबंदी अजून धडधाकट आहे आणि माथ्यावर वर्धनीमातेचं देऊळ. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हाच.

पण माणदेश बघायचा असेल तर दहिवडीकडे पुढे जा, महिमानगडावर. पिवळं पडलेलं गवत, मोज्यात रुतून बसणारी कुसळं, खाली उघडीबोडकी माळरानं. सकाळी कानाला झोंबणारा वारा अकरापर्यंत गरम होतो. सावली जवळपास नाहीच. माणशी दोन लिटर पाणी हवंच. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे दिवस मात्र टाळा, रस्ता गाड्यांनी भरलेला असतो.