जुना अंक हवाय: कागदी प्रत घ्यायची की डिजिटल अर्काइव्ह?

एस्क्वायर, जीक्यू, प्लेबॉय, एफएचएम, लोडेड असल्या पुरुषांच्या मासिकांपैकी एखाद्याचा जुना अंक मनात भरलाय आणि कागदी प्रत शोधायची की ऑनलाइन अर्काइव्हची, म्हणजे जुन्या अंकांच्या साठ्याची, वर्गणी भरायची यात अडकला असाल, तर आधी एवढंच ठरवा की तुम्हाला लेख हवाय का अंक. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक पैसे घालवतात ते बहुतेक इथेच.

लेख हवा असेल तर विषय दोन मिनिटांत संपतो, कागदाच्या नादाला लागू नका. समजा अमेरिकन पत्रकार गे तलीझचा गायक फ्रँक सिनात्रावरचा लेख वाचायचाय, तो एस्क्वायरच्या एप्रिल १९६६ च्या अंकात आला. आता एवढ्या गाजलेल्या लेखाचा अंक विकणाऱ्यालाही माहीत असतो, त्यामुळे किंमत लेखाच्या नावावरच चढलेली असते, आणि तोच लेख निवडक लेखांच्या संग्रहात निवांत वाचता येतो. शिवाय डिजिटलमध्ये शोधता येतं. एखाद्या लेखकाचं नाव टाकलं की वीस वर्षांतलं त्याचं सगळं समोर, कागदात हे करायचं तर गठ्ठाच्या गठ्ठा उपसा. प्लेबॉयच्या मुलाखती, ज्या १९६२ मध्ये लेखक अॅलेक्स हेलीने घेतलेल्या जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या मुलाखतीपासून सुरू झाल्या, त्या ओळीने वाचायच्या असतील तरी स्क्रीनच बरी.

पण डिजिटल म्हणजे सगळं एकसारखं नसतं हे लक्षात घ्या. एक प्रकार म्हणजे पानाचा जसाच्या तसा फोटो, दुसरा म्हणजे नुसता मजकूर उचलून डेटाबेसमध्ये टाकलेला. दुसऱ्यात फोटो नाहीत, जाहिराती नाहीत, मांडणी नाही, आणि कित्येकदा लेखच गायब असतो. त्यामागे कारण आहे, २००१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टासिनी खटल्यात असा निकाल दिला की फ्रीलान्स लेखकाची परवानगी नसेल तर त्याचा लेख अंकातून सुटा करून डेटाबेसमध्ये विकता येणार नाही, मग कंपन्यांनी परवानग्या मागत बसण्यापेक्षा लेखच काढून टाकले. म्हणून वर्गणी भरण्याआधी एक अंक उघडून बघाच, अख्खं पान दिसतंय का नुसत्या ओळी. पानाचा फोटो असेल तर दोन पानं जोडून छापलेलं मोठं चित्र मधोमध तुटलंय का तेही बघा, शिवणीतला भाग स्कॅनमध्ये हमखास जातो.

आणि आणखी एक, अॅपमध्ये विकत घेतलेला अंक तुमचा नसतो, वाचायची परवानगी तुमची असते. टेक्श्चर नावाचं चांगलं चालणारं मासिकांचं अॅप २०१९ मध्ये बंद झालंच की.

आता अंक हवा असेल तर. माझं सरळ मत, ह्या मासिकांचा अर्धा जीव जाहिरातींत असतो. एस्क्वायर १९३३ मध्ये निघालं तेव्हा पहिल्या अंकाच्या बहुतेक प्रती पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांतून विकायचं ठरलं होतं, आणि जीक्यूचं मूळ तर १९३१ चं अॅपरल आर्ट्स, म्हणजे कपडे विकणाऱ्यांसाठी काढलेलं धंद्याचं मासिक. सूट, सिगारेट, दारू, गाड्या, घड्याळं, त्या काळच्या पुरुषाला काय हवं होतं किंवा काय हवं असायला पाहिजे असं त्याला सांगितलं जात होतं, ते लेखांपेक्षा जाहिरातीत जास्त उघडं पडतं, आणि बायकांबद्दल काय काय बिनधास्त छापलं जायचं तेही. चांगल्या स्कॅनमध्ये हे दिसतं, नाही असं नाही, पण जुन्या एस्क्वायरचं पान आजच्या मासिकापेक्षा बरंच मोठं असायचं, ते फोनवर चिमटीने मोठं करत बघण्यात मजा नाही. ऐंशीनंतरच्या अंकांत परफ्यूमच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या, तो प्रकार तर स्कॅनमध्ये येणारच नाही (काहींना ती सुटकाच वाटेल).

कागदी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. विकणारा चांगली कंडिशन म्हणतो ते फक्त मुखपृष्ठाबद्दल असतं. सगळी पानं आहेत का हे स्पष्ट विचारा, कारण फ्रेम करायला जाहिराती फाडून वेगळ्या विकणं हा स्वतंत्र धंदा आहे, कूपनं कापलेली असतात, आणि प्लेबॉय असेल तर मधलं घडीचं पान जाग्यावर आहे का आणि पिनांना नुसतं लटकतंय का हे विचारल्याशिवाय घेऊच नका. पिना गंजल्यात का, कडेने कागद पिवळा पडून तुटतोय का, ह्याचे फोटो मागवा. नव्वदनंतरचे जाड गुळगुळीत अंक पिनांचे नसून गोंदाचे, ते पूर्ण उघडले की पानं सुटतात. कुबट वास येणारी प्रत फुकट मिळाली तरी नको, बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते. वर्गणीदाराच्या प्रतीवर पत्त्याचं लेबल असतं, वाचायला घेणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करावं, पैसेही वाचतात.

कुणाच्या वाढदिवसाला जन्माच्या महिन्याचा अंक द्यायचा असेल तर हा व्यवहार फक्त कागदाचाच, लिंक कोण भेट देतं. फक्त कव्हरवरचा महिना हा विक्रीचा महिना नसतो, मे लिहिलेला अंक सहसा एप्रिलमध्येच स्टॉलवर आलेला असतो. जन्माच्या दिवशी दुकानात कुठला अंक होता हे बघायचं असेल तर पुढच्या महिन्याचा घ्या. कव्हरवर नाव आणि महिना दिसायला हवा असेल तर अर्थात जन्ममहिन्याचाच.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर मी नको म्हणेन. प्लेबॉयचा डिसेंबर १९५३ चा पहिला अंक, मेरिलिन मन्रोचा, त्यावर तारीखच नाही कारण दुसरा निघेल याची मासिक काढणाऱ्या ह्यू हेफनरलाच खात्री नव्हती, तो महाग आहे हे खरं, पण त्याची पुनर्मुद्रणंही बाजारात आहेत आणि फोटोवरून सगळ्यांना फरक कळत नाही. बाकी हजारो अंक लाखांनी छापले गेले, लोकांनी जपूनही ठेवले, त्यांना दुर्मिळ म्हणायचं म्हणजे जरा अतीच.

मधला मार्ग मला सगळ्यात पटतो. गाजलेला अंक डिजिटलवर बघा, म्हणजे डिझायनर जॉर्ज लोइसने केलेलं एस्क्वायरचं एप्रिल १९६८ चं बॉक्सर मुहम्मद अलीचं कव्हर, अंगात बाण घुसलेला अली, ते हवं असेल तर प्रिंट घेऊन भिंतीवर लावा. आणि कागदी घ्यायचा तर त्याच वर्षातला कुणाला आठवत नसलेला एखादा अंक उचला, त्याच काळातल्या जाहिराती, तोच कागद, तसेच कपडे, आणि किंमत कितीतरी कमी. आला की पीव्हीसीच्या पिशवीत कोंबू नका, पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, मागे अॅसिडमुक्त पुठ्ठा, आणि कपाटात उन्हापासून लांब आडवा ठेवा.