कुशाणशहाचा दिनार म्हणून २,४०,००० रुपयांचा गंडा

अफगाणिस्तानातल्या बाल्खचं जुनं सोन्याचं नाणं कुणी दाखवलं तर पैसे काढण्याआधी हे वाचा. मला लुबाडणारा अजून राजरोस विक्री करतोय.

तिसऱ्या शतकात इराणच्या सासानी राजांनी कुशाणांकडून बाल्ख घेतलं आणि तिथे सुभेदार बसवले. ते स्वतःला कुशाणशहा म्हणवत, स्वतःच्या नावाने सोन्याचे दिनार पाडत. पातळ, बशीसारखी खोलगट नाणी; पुढे वेदीपाशी उभा राजा, मागे नंदीसह शिवासारखा देव, अक्षरं ग्रीक पण भाषा बॅक्ट्रियन, म्हणजे तिथलीच जुनी इराणी भाषा. मी कुशाण नाणी बरीच वर्षं जमवतोय, नवखा नाही. माझ्याकडून ४०,००० बयाणा घेतल्यावर त्या विक्रेत्याचा माणूस नाणं दाखवायला आला. वजन ७.९ ग्रॅम, जसं हवं तसं. सराफाने कस लावला, सोनं खरं. याहून जास्त कुणी काय तपासायचं?

उरलेले २,००,००० द्यायच्या आदल्या रात्री ‘जोडीचं दुसरंही घ्या’ म्हणून त्याने फोटो टाकला. दोन्ही नाण्यांना राजाच्या खांद्यामागे कडेला चीर. तेवढीच लांब, त्याच वळणाची! ठसा एक असू शकतो, पण कड घाव बसताना फाटते. दोन नाण्यांची एकसारखी फाटेल कशी? एकाच साच्यातून ओतलेली होती दोन्ही. फोटो मी मोठा करून पाहत होतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन: ‘मुंबईचं गिऱ्हाईक थांबलंय.’ चिरेचा अर्थ उमगायच्या आत मी उरलेले पैसे पाठवून बसलो. ती घाई त्या चिरेवरून नजर हटवायलाच होती. घाई केली की व्यवहार मोडा. कडेचा चहूबाजूंनी फोटो मागा. पुढे एका जाणकाराने भिंगाखाली साच्याची रेघ दाखवली ती कडेवरच.

पोलीस म्हणतात, ‘सोनं खरं आहे ना, मग फसवणूक कसली?’ वितळवून तेव्हा ५२,००० येत होते. बाकीचे १,८८,००० कुणाच्या घशात गेले? सायबरवाले म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवलेत, दिवाणी दावा लावा. ठाण्यात नाणं नकली असल्याचा सरकारी कागद हवा, आणि पुरातत्त्वच्या कार्यालयात ‘खासगी नाण्यावर अभिप्राय देत नाही’ म्हणाले. वर मलाच दरडावणी, ‘असलं जुनं नाणं घेतलंच कसं?’ अहो, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परवाना विकणाऱ्याला लागतो, घेणाऱ्याला नव्हे! कायदा मी त्यांना शिकवायचा?

त्या परवान्याची प्रत आधी मागा, टाळाटाळ केली तर उठा. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या बाकावर ताटकळू नका. अर्जाची पोच सही-शिक्क्यासकट घ्या. माझा पहिला अर्ज ‘सापडत नाही’ म्हणून पुन्हा लिहून घेतलाय.