घड्याळ फिरवणारी पेटी आणि माझे 6,849 रुपये

निवृत्त होईपर्यंत माझ्या मनगटावरचे ऑटोमॅटिक घड्याळ कधी बंद पडल्याचे मला आठवत नाही. लातूरच्या शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावर नकाशे काढण्यात आणि पुसण्यात उजवा हात दिवसभर हलत असे, घड्याळही मी त्याच हातात बांधतो, आणि अशा घड्याळाला तेवढेच पुरते: आतली रोटर नावाची अर्धगोल वजनदार पट्टी मनगटाच्या हालचालीने फिरते आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. मेहुण्यांनी दुबईहून आणलेले माझे सेको 5 पूर्ण भरले की साधारण 40 तास चालते. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र आणि संध्याकाळचा फेरफटका एवढीच हालचाल उरली. त्यातच निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दुसरे ऑटोमॅटिक घड्याळ भेट दिले, आणि मी दोन्ही आलटून पालटून वापरू लागल्यावर कपाटातले घड्याळ हमखास बंद सापडू लागले. वडील त्यांच्या एचएमटी जनताला रोज सकाळी चावी देत. माझ्या सेकोतल्या 7एस26 यंत्रणेला ती सोयही नाही, तिची चावी केवळ वेळ आणि तारीख लावण्यापुरती आहे.

अशा मनःस्थितीत मोबाइलवर वाइंडरची जाहिरात दिसली. वाइंडर म्हणजे घड्याळ गादीवर बसवून ठरावीक फेऱ्या देणारी विजेवरची पेटी. जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी पेटीची माहिती देण्याआधी मला घाबरवले. ऑटोमॅटिक घड्याळ दोन दिवसांहून अधिक बंद राहिले तर आतले तेल गोठते, दाते झिजतात आणि दुरुस्तीला दहा हजारांचा खर्च येतो, असे त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितले की मी प्रतिप्रश्नही केला नाही. पेटीत माबुची कंपनीची जपानी मोटार आहे, दिवसाला 650, 900, 1200 किंवा 1800 फेऱ्यांची निवड करता येते आणि दोन्ही दिशांना फिरण्याची सोय आहे, असेही ते म्हणाले. घरपोच पैसे दिले तर 6,999 आणि आधी भरले तर 6,499 रुपये. पाचशे रुपये वाचवण्यासाठी मी आधी भरले. पैसे कोणा व्यक्तीच्या नावावर गेले, दुकानाच्या नावावर नाही, हे पडद्यावर दिसत होते आणि मी ते वाचलेही होते.

पेटी दिसायला देखणी होती, त्याबद्दल तक्रार नाही. सेको तीन दिवस तिच्यात ठेवून मी नांदेडच्या बससाठी ते बांधून निघालो आणि स्थानकावर वीस मिनिटे आधीच पोचलो; घड्याळ तेवढे पुढे गेले होते. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर मिळाले की घड्याळ जुने आहे, सर्व्हिसिंग करून घ्या. मीही तेच मानले असते. परंतु पुढच्या आठवड्यात दुसरे, अगदी कोरे घड्याळही त्याच पेटीतून दिवसाला सहा-सात मिनिटे पुढे जाऊ लागले, तेव्हा शंका घड्याळांवरून पेटीवर आली.

लातूरच्या गंजगोलाई या बाजारपेठेतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर माझ्या ओळखीचे घड्याळजी बसतात; त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी घड्याळ उघडलेही नाही. खणातून लहानसे होकायंत्र काढून त्याच्याजवळ सेको नेले, आणि काटा असा गर्रकन वळला की आयुष्यभर मुलांना होकायंत्र दाखवणाऱ्या मला काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. घड्याळात चुंबकत्व शिरले होते. बॅलन्स व्हील म्हणजे पुढेमागे झुलून घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकावरची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे धावू लागते. चाचांनी चुंबकत्व घालवणाऱ्या निळ्या डबीवर घड्याळ धरले, बटण दाबले आणि ते सावकाश वर उचलून दूर नेले; होकायंत्राचा काटा पुन्हा जागचा हलला नाही. तेल गोठण्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सर, घड्याळात काय डालडा घातलाय का गोठायला?" आजची कृत्रिम तेले चार-आठ दिवसांच्या विश्रांतीने घट्ट होत नाहीत, त्यांचे आयुष्य काळानुसार संपते, घड्याळ चालो वा थांबो.

घरी येऊन मी दोन गोष्टी केल्या, ज्या पहिल्याच दिवशी करायला हव्या होत्या. गादीच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि घड्याळासमोर तासभर बसून फेऱ्या मोजल्या. खटका चारांपैकी कोणत्याही खुणेवर ठेवला तरी पेटी मिनिटाला दहा फेऱ्या घेत होती, एकाच दिशेने, मध्ये विश्रांती न घेता. म्हणजे दिवसाला 14,400 फेऱ्या, आणि 650 फेऱ्यांचे काम ती 65 मिनिटांत उरकत होती. मुख्य स्प्रिंग पूर्ण भरल्यावर तिचे टोक तिच्या डबीच्या भिंतीवरून घसरते, म्हणून ऑटोमॅटिक घड्याळात अतिरिक्त चावी बसून ती तुटत नाही हे खरे. पण ते घसरणे आणि रोटरचे फिरणे रात्रंदिवस चालू राहिले तर विनाकारण झीज होणारच. नंतर मागचे चार स्क्रू काढले. खटक्याच्या तीन तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. मोटारीवर माबुचीचे किंवा अन्य कोणतेही नाव नव्हते आणि ती गादीच्या मागे जेमतेम बोटभर अंतरावर, मध्ये चुंबकत्व अडवणारे कोणतेही आवरण न घालता बसवलेली होती. सेकोच्या माहितीपुस्तिकेत चुंबकी वस्तूंपासून घड्याळ दूर ठेवायला सांगितलेले आहे.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने परतीच्या नोंदणीसाठी 350 रुपये मागितले. मी तेही दिले, याची लाज वाटते. त्यानंतर त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकताच रक्कम जमा होईल असे सांगितले. माझी मुलगी शेजारी होती म्हणून वाचलो. "बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" एवढेच ती म्हणाली. त्या संध्याकाळपासून तो फोन बंद आहे.

1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, पण रक्कम जाऊन तीन आठवडे लोटले होते आणि हा क्रमांक पहिल्या काही तासांत फिरवला तरच पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक असते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मला लातूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. अडचण एवढीच की नोटीस पाठवायची कोणत्या पत्त्यावर? खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना यांपैकी काहीच छापलेले नाही, वास्तविक यांतले प्रत्येक कायद्याने छापावेच लागते. कोणतीही विदेशी वस्तू घेताना मी आता आधी खोक्याच्या त्या बाजूचे छायाचित्र मागतो. जो ते पाठवत नाही त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवतो.

बंद पडलेले सेको हातात धरून अर्धा मिनिट आडवे हलवले की चालू होते, मग वेळ आणि तारीख लावून बांधायचे. हे काम सकाळच्या चहाआधी होते. पेटी, पैसे भरल्याच्या नोंदी आणि संभाषणाची छायाचित्रे पुराव्यासाठी एका पिशवीत ठेवली आहेत. वीज नसली तरी मोटारीतले लोहचुंबक तसेच राहते, म्हणून ती पिशवी घड्याळांच्या कपाटात न ठेवता माळ्यावर टाकली आहे.