शनिवारचा व्याकरण वर्ग आणि अनेकवचनाआधीचा 'द'

पुण्यात नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर हा इंग्रजी व्याकरणाचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांना जाहिरात आवडत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. आठ शनिवार, साडेपाच ते सात, फी २,८०० रुपये. आमच्या तुकडीत ११ जण होतो आणि सगळे नोकरी करणारे.

मी भोसरीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. माझं इंग्रजी पाचवीपासूनचं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हा माझी शाळा संपली होती. कामापुरतं इंग्रजी येतं असं मी धरून चालले होते. या जानेवारीत कोइमतूरहून ४० कास्टिंग (साच्यात ओतून केलेले धातूचे भाग) आली, त्यातल्या ७ नगांना तडे होते. मी मेल केली, 'द कास्टिंग्ज आर क्रॅक्ड, प्लीज रिप्लेस.' समोरच्यांनी ४०च्या ४० बाद झाली असं समजून पुढचा माल रोखून धरला. दोन दिवस आमची लाइन उभी होती. कोणी रागावलं नाही, पण मी नक्की काय चुकीचं लिहिलं हे मला सांगता येईना, आणि तेच मनाला लागून राहिलं.

उत्तर बाईंच्या दुसऱ्या शनिवारी मिळालं. शाळेत आम्ही पाठ केलं होतं की 'ए' आणि 'ॲन' फक्त एकवचनाला. ते बरोबरच आहे, कारण 'ए' हा मूळच्या 'वन'चाच झिजलेला शब्द. पण त्यावरून आपण मनातल्या मनात दुसरा नियम करून टाकतो, की मग अनेकवचनाला 'द'. तसं काही नाही. बाईंनी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली: 'बटाटे महाग झालेत' आणि 'बटाटे पिशवीत आहेत.' पहिल्यात बटाटा या मालाबद्दल बोलणं चाललंय, तिथे इंग्रजीत नुसतं 'पोटॅटोज'. दुसऱ्यात आत्ता मंडईतून आणलेले, ऐकणाऱ्यालाही माहीत असलेले बटाटे, म्हणून 'द पोटॅटोज'. मग त्यांनी विचारलं, 'त्यातले दोन रिक्षात पडले असतील तर हे वाक्य खरं का?' नाही. अनेकवचनाआधी 'द' आला की साधारणपणे त्या ठरावीक गटातले सगळेच्या सगळे येतात. माझी मेल तिथे मला लख्ख दिसली. इतक्या वर्षांत हे 'सगळेच्या सगळे' मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याहून आवडली ती पुढची गोष्ट. मराठीत 'ए', 'द'सारखं आर्टिकल नाही, पण तो फरक आपण करतो. 'टेबलावर पुस्तकं आहेत' म्हटलं की पुस्तकं नव्याने कळतात. 'पुस्तकं टेबलावर आहेत' म्हटलं की कोणती ते आधीच ठाऊक असतं. आपल्याकडे शब्दांची जागा जे काम करते, ते इंग्रजीत 'द' करतो. आईच्या भाषेतून असं समजावणारं मला तरी आजवर भेटलं नव्हतं. जुन्या इंग्रजीतही आपल्या तो-ती-ते सारखी लिंग-वचनाप्रमाणे बदलणारी रूपं होती, ती जाऊन एकच 'द' उरला, हेही बाईंनी जाता जाता सांगितलं.

विशेषनामांचा भाग भरभर झाला: द हिमालयाज, द नेदरलँड्स, द मालदीव्हज. 'द जोशीज' म्हणजे आपली 'जोशी मंडळी', हे चटकन बसलं. 'द पुअर'ला शेवटी एस नसतो तरी क्रियापद अनेकवचनी लागतं, हे मात्र वहीत चौकटीत लिहून ठेवलंय.

उणीव सांगायची तर सातव्या शनिवारची. एका मुलाने विचारलं की 'टायगर्स'ही चालतं आणि 'द टायगर'ही चालतं, दोन्हींचा अर्थ वाघ ही जात, मग 'द टायगर्स' का नाही? प्रश्न फार चांगला होता. वेळ संपत आला होता, बाईंनी 'तिथे ठरावीक वाघ होतात' एवढंच म्हटलं आणि पुढे गेल्या. त्याला अर्धा तास द्यायला हवा होता. नोट्सच्या झेरॉक्सही इतक्या फिकट की चष्म्यानेही वाचवत नाहीत. त्या पुन्हा टाइप करून घ्याव्यात, मी करून द्यायला तयार आहे असं बाईंना सांगून आले आहे.

परवाच्या खेपेत पुन्हा काही नग खराब निघाले. मेल लिहिली: 'फाइव्ह ऑफ द थर्टी कास्टिंग्ज आर क्रॅक्ड.' दुपारी पाच नग बदलून पाठवतो असं उत्तर आलं.

नवी तुकडी दिवाळीनंतर. येताना स्वतःच्या ऑफिसच्या दोन-तीन मेल छापून आणा, बाई त्यावरच शिकवतात. गाडी आणू नका, गल्लीत लावायला जागा नाही.